बँड मोडल्यावर अल्बम आला आणि एका करारापायी गायकाचा आवाजच पुसला गेला

टेलर स्विफ्टने स्वतःचेच जुने अल्बम परत का रेकॉर्ड केले, हे आता सगळ्यांना माहितीय. गाणी तिची, पण रेकॉर्डिंगची मालकी तेव्हा दुसऱ्याची होती. असाच कागदाचा घोळ १९६८ साली एका पोराला भोवला होता. पोराचं नाव ग्रॅम पार्सन्स, बँडचं नाव इंटरनॅशनल सबमरीन बँड.

तर झालं असं, १९६५ मध्ये ग्रॅम हार्वर्डला शिकायला गेला. कॉलेज एका सेमिस्टरमध्येच सुटलं, पण तिथं पोरं जमली आणि बँड उभा राहिला. 'अवर गँग' नावाच्या जुन्या कॉमेडी फिल्ममधून नाव उचललं. गिटारवाला जॉन न्यूस कंट्रीचा वेडा. मर्ल हॅगर्ड, बक ओवेन्सचा नाद ग्रॅमला त्यानेच लावला.

कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गावाकडचं संगीत. प्रेमभंग, दारू, देव आणि घराची आठवण. केस वाढवलेल्या शहरी पोरांना ते बाप-काकांचं वाटायचं, आणि कंट्रीवाल्यांना ही पोरं नकोशी. म्हणजे दोन्हीकडून शिव्या. तरी ग्रॅमला रॉकच्या श्रोत्यांना कंट्रीच ऐकवायचं होतं.

१९६७ मध्ये बँड लॉस एंजेलिसला आला आणि तिथंच फुटला. बासवाला इयन डनलॉप आणि ड्रमवाला मिकी गॉविन वेगळे झाले. त्यांनी जो नवा ग्रुप काढला त्याचं नाव होतं फ्लाइंग बरीटो ब्रदर्स. हे नाव लक्षात ठेवा.

ग्रॅमने नवी माणसं घेतली आणि ली हेझलवूडच्या एलएचआय कंपनीशी करार केला. हेझलवूड म्हणजे नॅन्सी सिनात्राचं बूटवालं सुपरहिट गाणं लिहिणारा. 'सेफ ॲट होम' रेकॉर्ड झाला. प्रोड्युसर होती सुझी जेन होकम. त्या काळात बाईने प्रोड्युसर असणं दुर्मीळच. १९६८ मध्ये अल्बम दुकानात आला, पण तोवर बँडच उरला नव्हता. ग्रॅम 'द बर्ड्स' या मोठ्या बँडमध्ये गेला होता.

इथं घोळ झाला. बर्ड्सने ग्रॅमच्या नादाने 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' हा अख्खा कंट्री अल्बम केला. पण करारानुसार ग्रॅमच्या आवाजावर एलएचआयचा हक्क होता. हेझलवूडने कायद्याचा बडगा दाखवला, आणि ग्रॅमने गायलेल्या काही गाण्यांवर रॉजर मॅग्विनचा आवाज चढवला गेला. प्रोड्युसर गॅरी अशरचं म्हणणं मात्र वेगळं होतं. त्याच्या मते कायद्याचा प्रश्न सुटला होता, ग्रॅम अल्बमभर पसरू नये म्हणून आवाज बदलले. मला वाटतं दोन्ही कारणं असावीत. स्टुडिओत कागद आणि अहंकार शेजारीच बसलेले असतात. पण सुटका करून घेताना सबमरीन बँडच्या नावावरचा हक्क ग्रॅमने सोडला, एवढं नक्की.

अल्बम बाजारात यायच्या आधीच, जुलै १९६८ मध्ये ग्रॅम बर्ड्समधूनही बाहेर पडला. त्या वर्षी त्याने क्रिस हिलमनसोबत नवा बँड काढला. नाव? फ्लाइंग बरीटो ब्रदर्स. हो, जुन्या दोस्तांचंच. ज्याचं स्वतःच्या बँडचं नाव गेलं, त्याने दुसऱ्यांचं घेतलं.

सप्टेंबर १९७३ मध्ये ग्रॅम २६ व्या वर्षी गेला. बर्ड्सच्या गाण्यांतला त्याचा मूळ आवाज लोकांनी ऐकला तो १९९० च्या बॉक्ससेटमध्ये. 'द ख्रिश्चन लाइफ'ची दोन्ही व्हर्जन लागोपाठ लावून बघा.