गिअरबॉक्स उतरवण्याआधी सोलेनॉइड तपासा

संयुक्त अरब अमिरातीत ऑटोमॅटिक गाडी झटके देऊ लागली किंवा एकाच गिअरमध्ये अडकून राहिली, की गॅरेजमधून पुष्कळदा एकच निर्णय ऐकू येतो : गिअरबॉक्स गेला, उतरवावा लागेल. हे काम हजारो दिरहमांचे असते. गाडी दहा-बारा वर्षे जुनी असेल, तर दुरुस्ती करावी की ती विकून टाकावी, असा प्रश्न मालकापुढे उभा राहतो. दोष मात्र काही वेळा बोटाएवढ्या एका विद्युत झडपेपुरताच असतो. ही झडप म्हणजे सोलेनॉइड. अनेक गाड्यांमध्ये गिअरबॉक्स न उतरवता, केवळ खालचा ऑइल पॅन, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चेंबर, काढून ती बदलता येते.

सोलेनॉइडचे काम

ऑटोमॅटिक गाडीत गिअर बदलण्याचे काम दाबाखालील तेल करते. १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांतील हायड्रामॅटिक ही यंत्रणा सर्वस्वी तेलाच्या दाबावर चाले. पुढे १९८० च्या दशकात संगणकाचे नियंत्रण रूढ होत गेले आणि संगणकाचा आदेश तेलापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी सोलेनॉइडवर आली. त्याच्या आत तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि सरकणारा लोखंडी दांडा असतो. वीज मिळताच गुंडाळी चुंबक बनते, दांडा सरकतो आणि व्हॉल्व्ह बॉडीतील तेलाची वाट उघडते किंवा मिटते. काही सोलेनॉइड केवळ चालू-बंद होतात. काही दाब कमी-अधिक करतात. त्यांपैकी एकानेही साथ सोडली, की संगणक गाडीला बहुधा ‘लिम्प मोड’मध्ये टाकतो. गाडी एका ठरावीक गिअरमध्ये राहते आणि सिग्नलवरून जडपणे निघते.

उन्हाचा हिशेब

तापमान एक अंशाने वाढले, की तांब्याचा विद्युतरोध सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. २० अंशांवर ५ ओहम असलेली गुंडाळी १०० अंशांवर साधारण ६.५ ओहम दाखवते. ही वाढ स्वाभाविक असून संगणकाने ती गृहीत धरलेली असते. मात्र तारेला सूक्ष्म चीर गेली असेल, तर उष्णतेने तिची टोके दुरावतात आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतात. त्यामुळे सकाळी शारजाहून दुबईला सुरळीत गेलेली गाडी परतीच्या कोंडीत अडकते आणि रात्रभर थंड झाल्यावर गॅरेजमध्ये निर्दोष ठरते. यासाठी मोजणी थंड व तापलेल्या अशा दोन्ही अवस्थांत व्हायला हवी.

कोड म्हणजे निदान नव्हे

स्कॅनरवरचा कोड केवळ दिशा दाखवतो. पी०९७३ किंवा पी०९७४ आल्यास ‘ए’ सोलेनॉइडच्या विद्युतमार्गात दोष आहे. तो गुंडाळीत असेल, जोडणीत असेल किंवा वायरिंगमध्येही असेल. पी०७५१ चा अर्थ वेगळा आहे : वीज पोहोचते, पण अपेक्षित परिणाम होत नाही. येथे दांडा गाळाने अडकलेला असू शकतो, व्हॉल्व्ह बॉडी झिजलेली असू शकते किंवा क्लच प्लेटा संपलेल्या असू शकतात. अशा वेळी नवा सोलेनॉइड बसवूनही दोष तसाच राहू शकतो.

खरी साक्ष तेल देते. चेंबरमधील चुंबकावर करड्या रंगाची मऊ भुकटी आढळणे सामान्य आहे. तेल काळे पडून त्याला जळका वास येत असेल आणि तळाशी प्लेटांचे तुकडे किंवा धातूचे कण असतील, तर गिअरबॉक्स उघडण्याचा सल्ला रास्त मानावा. तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरल्याची शक्यता असते. १६ एप्रिल २०२४ च्या पावसात अल ऐनजवळील खत्म अल शकला येथे २४ तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस झाला आणि देशभर असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. तेव्हापासून जुनी गाडी घेताना ही तपासणी अधिकच अगत्याची झाली आहे.

बदलण्याची रीत

बंद पडलेली गाडी ओढत न नेता रिकव्हरीच्या सपाट ट्रकवरून न्यावी. गरम तेल भाजते, म्हणून गाडी थंड होऊ द्यावी. बॅटरी सोडवून तेल काढावे आणि किती निघाले ते मोजून ठेवावे. चेंबर व फिल्टर काढल्यावर जोडणी सोडवून सोलेनॉइड बाहेर येतो. काही गाड्यांत त्यासाठी व्हॉल्व्ह बॉडीच खाली घ्यावी लागते. तिच्यातील छोट्या गोळ्या व स्प्रिंगा जागच्या जागी परतल्या पाहिजेत आणि वाळूचा कणही आत जाता कामा नये. मुसफ्फा किंवा अल कूझच्या उघड्या दाराच्या गॅरेजमध्ये ही दक्षता विशेष हवी. नवे ओ-रिंग तेलात भिजवून बसवावेत. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळावेत, कारण अॅल्युमिनियमचे आटे सहज निघतात.

तेल उत्पादकाने सांगितलेल्याच प्रतीचे असावे. त्याची पातळी ठरावीक तापमानाला तपासायची असते, अनेक गाड्यांत ४० अंशांच्या आसपास. जुलैच्या दुपारी गॅरेजमधील तेल सुरुवातीलाच त्याहून गरम असू शकते. फुगलेले तेल तपासणीच्या छिद्रातून जास्त सांडते आणि गाडी थंड झाल्यावर पातळी अपुरी ठरते. म्हणून हे काम पहाटे किंवा वातानुकूलित जागी करावे. शेवटी संगणकातील जुन्या सवयी पुसून गाडी नव्याने शिकवावी लागते. काही टोयोटा व लेक्सस गाड्यांत गिअरबॉक्सवरील विशिष्ट कोडही संगणकात भरावा लागतो.

सुटा भाग आणि पावती

शारजातील जुन्या सुट्या भागांच्या बाजारात सोलेनॉइड स्वस्तात मिळतो; पण त्याने किती उष्णता सोसली आहे, हे सांगता येत नाही. एक सोलेनॉइड बिघडला असेल, तर त्याच वयाचे इतरही थकलेले असतात. व्हॉल्व्ह बॉडी खाली घ्यावीच लागणार असेल, तर मजुरीचा विचार करता पूर्ण संच बदलणे अनेकदा परवडते. काही गाड्यांत, उदाहरणार्थ शेव्हरोलेच्या सहा गिअरच्या टाहोमध्ये, सोलेनॉइड व नियंत्रक एकाच घटकात असतात. तेथे सुटा सोलेनॉइड बदलण्याची सोय नसते.

होकार देण्यापूर्वी मालकाने कोडची छापील प्रत, मोजलेला विद्युतरोध आणि काढलेले तेल पाहायला मागावे. काम झाल्यावर जुना भाग परत घ्यावा. नवा भाग अस्सल, पर्यायी की वापरलेला, याची स्पष्ट नोंद पावतीवर असावी. ग्राहक संरक्षणाचा २०२० चा संघराज्य कायदा क्रमांक १५ ग्राहकाच्या बाजूने आहे. तक्रारीच्या वेळी मात्र हातात पावती लागते.