पाठीवरून पोटावर

शबनम खांद्याला लावून ज्यांनी सायकल चालवली आहे, त्यांच्या ओळखीचा हा प्रसंग. चढ लागतो, आपण सीटवरून उठून दोन-चार पॅडल जोरात मारतो, आणि इतका वेळ पाठीवर गुमान बसलेली पिशवी कुशीवरून घरंगळत पुढे येते. गुडघ्यावर आपटते. एका हाताने मागे सारावी, तर पुढच्या वळणापर्यंत पुन्हा पोटाशी हजर. कॉलेजात असताना हे मी रोज सोसलं, आणि यात कारण शोधण्यासारखं काही आहे असं तेव्हा मनातही आलं नाही.

पुष्कळ वर्षांनी एक मेसेंजर बॅग हातात आली. शहरात सायकलवरून पाकिटं पोचवणाऱ्या लोकांची ही बॅग. तिलाही शबनमसारखा एकच पट्टा. तरी ती चढावर पाठीला धरून राहिली, आणि हवी तेव्हा एका ओढीत पोटावर आली. घट्ट राहायचं आणि सहज फिरायचं, ही दोन कामं एकाच पिशवीला कशी जमतात? हे शोधत गेलो आणि थक्क होत गेलो.

तिचा जन्म टेलिफोनच्या खांबावर झाला. १९५०च्या दशकात न्यूयॉर्कमधली दी मार्टिनी ग्लोब कॅनव्हास ही कंपनी तारांची कामं करणाऱ्या लाइनमनसाठी कॅनव्हासच्या पिशव्या शिवायची. खांबावर चढलेल्या माणसाचा एक हात खांबाला गुंतलेला असतो. दोन पट्ट्यांची सॅक काढायची तर दोन्ही हात मोकळे हवेत, आणि उंचावर तसं करणं जिवावर बेतायचं. म्हणून एक पट्टा, रुंद तोंड आणि वरून झाकण. चढताना पिशवी पाठीवर, पक्कड हवी तेव्हा पुढ्यात. १९७०च्या दशकात मॅनहॅटनच्या सायकलस्वार निरोप्यांनी हीच पिशवी आपलीशी केली, कारण त्यांचाही एक हात अडकलेला होता, फक्त खांबाऐवजी हँडलला. फॅक्स आणि ईमेल सर्रास होण्याआधी वकिलांची कागदपत्रं, इमारतींचे नकाशे, जाहिरातींची चित्रं अशीच या कचेरीतून त्या कचेरीत जात. पाकिटाला घडी पडू नये म्हणून बॅग आडवी आणि रुंद राहिली, ती आजतागायत. पुढे १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रॉब हनीकट या तरुणाने, जो स्वतः हेच काम करायचा, शिलाई मशीनवर बसून अशा बॅगा शिवल्या. टिंबक्टू ही कंपनी त्यातून उभी राहिली. वापरणाऱ्याच्याच हाताने घडत गेलेल्या वस्तूंबद्दल मला नेहमी जास्त जिव्हाळा वाटतो.

आता त्या घसरण्याकडे येऊ. सायकलवर वाकलेली पाठ म्हणजे पालथी घातलेली होडी. तिच्या माथ्यावर ठेवलेली वस्तू डावीकडे किंवा उजवीकडे जायला टपलेलीच असते. त्यात पॅडल मारताना कंबर दर फेऱ्याला हलते, म्हणजे होडी कुणीतरी सतत हलवतंय. एका पट्ट्याची पिशवी दोन ठिकाणी धरलेली असते, एक टोक खांद्यापाशी आणि दुसरं कमरेपाशी. दोन ठिकाणी धरलेली कुठलीही गोष्ट त्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेभोवती फिरू शकते. घरातलं दार तेच करतं. दोन बिजागऱ्या, आणि त्यांच्याभोवती अख्खी फळी उघडते-मिटते. शबनम म्हणजे कडी न लावलेलं दार.

मेसेंजर बॅगेला कडी असते. तो एक बारीकसा जादा पट्टा. बॅगेच्या खालच्या कोपऱ्यातून निघतो, काखेखालून छातीवर येतो आणि मुख्य पट्ट्याला अडकतो. बिजागऱ्यांच्या रेषेबाहेर तिसरा बिंदू धरला गेला, की दार हलत नाही. थांब्यावर पोचलं की ती कडी काढायची, आणि दार पुन्हा उघडं: बॅग कुशीवरून फिरून पुढ्यात. शबनमने मला जो त्रास दिला, तोच गुण इथे कामाला जुंपला आहे. दुकानात बॅग बघताना मी आता सर्वात आधी हा जादा पट्टा शोधतो. तो नसेल तर नाव कितीही मोठं असो, ती सायकलची बॅग नव्हे.

पण मुख्य पट्टा तरी खांद्यावर का टिकतो? याचं उत्तर कोकणातल्या कुठल्याही बंदरावर दिसतं. एवढी मोठी होडी. तिचा दोर नावाडी खुंटाला दोन वेढे देऊन मोकळं टोक नुसतं हातात धरतो, आणि होडी थांबते. दोर खुंटाभोवती जितका वळेल, तितकं घर्षणाचं बळ बेरजेने न वाढता गुणाकाराने वाढतं. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितीने त्याचा हिशेब मांडला. साधारण घर्षण धरलं, तर अर्ध्या वेढ्याने हातातलं बळ सुमारे अडीच पट होतं, पूर्ण वेढ्याने साडेसहा पट, आणि दोन वेढ्यांनी चाळीस पटींहून जास्त. आपला खांदा हाच तो खुंट. पट्टा पाठीकडून वर येऊन छातीवर उतरतो, तेव्हा जवळपास अर्धा वेढा पडलेला असतो. पट्टा आवळायचं बक्कलही याच हिशेबावर चालतं: जाड फीत दोन-तीन दांड्यांमधून नागमोडी नेलेली असते, दर वळणाला पकड वाढते, आणि बक्कल बोटाने उचललं की वळणं सैल होऊन फीत सुळकन सरकते. या गणितात एक मेख आहे. घर्षण थोडं कमी झालं, की पकड फार कमी होते. सुती सदऱ्यावर छान बसलेली बॅग गुळगुळीत रेनकोटवर घसरू लागते, ती यामुळे.

पावसाची गोष्ट तर याहून सुरस आहे. ‘वॉटरप्रूफ कापड’ या शब्दांनी हुरळून जाऊ नये, कारण पाणी कापडातून क्वचितच शिरतं. ते शिवणीतून शिरतं. सुईचा प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. सेंटिमीटरला तीन टाके धरले, तरी मीटरभर शिवणीत तीनशे भोकं झाली. यावरचा जुना तोडगा मला फार आवडतो. आतल्या बाजूला प्लास्टिकचा लेप दिलेल्या कापडाची एक दुसरी पिशवी असते, आणि ती बाहेरच्या पिशवीला फक्त तोंडाशी शिवलेली असते. बाकी ती आत मोकळी लोंबत राहते. बाहेरच्या कापडाला पट्टे, खिसे, बक्कल लावताना पडलेली शेकडो भोकं या अस्तरापर्यंत पोचतच नाहीत. वरचं झाकण दोन्ही अंगांनी भरपूर खाली येतं, कोकणी घराच्या उतरत्या छपरासारखं, आणि पागोळ्या बाहेर पडतात. दुकानात अस्तर हाताने धरून ओढून पाहा. तळाशी सुटं असेल, तर बनवणाऱ्याने पाऊस पाहिलेला आहे.

दुसरा तोडगा म्हणजे सुईच टाळणं. हार्टमुट ऑर्टलीब हा जर्मन तरुण १९८१ मध्ये इंग्लंडात सायकलवर फिरत होता. त्याचं सामान भिजून गेलं होतं, आणि शेजारून जाणाऱ्या ट्रकवरच्या ताडपत्रीखालचा माल कोरडा होता. घरी येऊन त्याने आईच्या शिलाई मशीनवर ताडपत्रीच्या सायकल-बॅगा शिवल्या आणि १९८२ मध्ये कंपनी काढली. आज अशा बॅगांचे सांधे वितळवून जोडतात. ताडपत्रीचे दोन थर धातूच्या ठशांमध्ये दाबतात आणि त्यांच्यातून सेकंदाला सुमारे २ कोटी ७० लाख आवर्तनं करणारं विद्युतक्षेत्र सोडतात. प्लास्टिकचे रेणू त्या तालावर हेलकावत आतूनच तापतात आणि दोन थरांचा एक होतो. भोक पडायला जागाच उरत नाही.

ताडपत्रीचं वेड झ्युरिकमध्येही होतं. मार्कुस आणि डानिएल फ्रायटाग या भावांच्या घरासमोरून दिवसभर रंगीत ट्रक जात. १९९३ मध्ये त्यांनी जुनी ताडपत्री, मोटारींचे सीटबेल्ट आणि सायकलच्या ट्यूब यांतून मेसेंजर बॅग शिवली. ताडपत्रीवरचं अक्षर किंवा रंगाचा पट्टा येईल तिथे कापला जातो, त्यामुळे एकासारखी दुसरी बॅग होत नाही. त्यांची बॅग आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे.

ताडपत्रीऐवजी नायलॉनची बॅग पाहिलीत, तर तिच्या कापडाच्या पट्टीवर ‘१००० डेनियर’ असं लिहिलेलं दिसेल. हा रेशमाच्या व्यापारातून आलेला शब्द. नऊ किलोमीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. रेशमाचा एकेरी तंतू साधारण एक डेनियरचा असतो: असा नऊ किलोमीटर तंतू भरतो जेमतेम एक ग्रॅम. बॅगेच्या नायलॉनचा तेवढाच धागा पुरा एक किलो भरतो.

आणि तरीही ही बॅग सर्वांनी घ्यावी असं मी म्हणणार नाही. सायकल चालवताना आपलं शरीर इंधनाचा जेमतेम पाव हिस्सा पॅडलपर्यंत पोचवतं, उरलेल्याची उष्णता होते. पॅडलवर १०० वॉट देणारा माणूस अंगातून ३०० वॉटहून जास्त उष्णता टाकत असतो, म्हणजे जुने शंभराचे तीन दिवे पेटलेले. ती घालवायचा मुख्य मार्ग घाम. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २४०० जूल घेऊन जातो. पण पाठीवर बॅग असली की तिथला घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. मुंबईच्या दमट हवेत तर विचारूच नका. त्यामुळे दिवसातून दोनदाच बॅग उघडायची असेल, सकाळी कचेरीत आणि संध्याकाळी घरी, तर ओझं कॅरिअरवर द्यावं. म्हशीच्या दोन्ही अंगांना पखाल लटकायची, तशा कॅरिअरला लटकणाऱ्या जोडबॅगा मिळतात. वजन खाली राहतं, पाठ मोकळी राहते. मात्र खड्ड्याचा दणका कॅरिअरवरच्या सामानाला थेट बसतो, तर पाठीवरच्या सामानाला वाकलेली कोपरं आणि गुडघे आधी झेलून घेतात. लॅपटॉप किंवा काचसामान रोज नेणाऱ्याने याचा विचार करावा.

दिवसात दहा ठिकाणी थांबणारा असेल, घरोघर औषधं देणारा, फोटोग्राफर, शिकवण्या घेणारा, तर त्याच्यासाठी मात्र या बॅगेला तोड नाही. आकाराच्या मोहात पडू नये. मोठी बॅग भरलीच जाते आणि सहा-सात किलोंच्या पुढे खांदा बोलू लागतो. पट्टा रुंद हवा, कारण रुंदी दुप्पट केली की खांद्यावरचा दाब निम्मा होतो. चमकणारी पट्टी झाकणाच्या मध्यावर असेल तर आपण वाकल्यावर ती आभाळाकडे तोंड करते. खालच्या कडेला असेल तरच मागच्या ट्रकवाल्याला नीट दिसते. डावखुऱ्यांनी उलट्या खांद्याची बॅग मागावी, काही कंपन्या ती मुद्दाम बनवतात.

दुकानात जाताना नेहमीचं सामान घेऊन जा, आणि रेनकोटही. ऊन असलं तरी तो अंगात घाला. बॅग भरा, पाठीवर आवळा, जादा पट्टा अडकवा. मग दुकानाच्या काउंटरवर हँडलसारखे हात टेकून वाका आणि कंबर डावी-उजवीकडे हलवा, दुकानदार बघत असला तरी. बॅग जागची हलली नाही, की जादा पट्टा काढा, बक्कल उचला, आणि एकाच हाताने तिला पोटावर ओढा.