वेताळाचा प्रश्न आणि आजची रहस्यकथा

उज्जैन शहराच्या उत्तरेस, शिप्रेच्या काठी भैरवगढ ही जुनी वस्ती आहे. मद्याचा नैवेद्य स्वीकारणारा काळभैरव येथे आहे, जवळच सिद्धवट आहे. पानिपतानंतर महादजी शिंद्यांनी याच भैरवाच्या चरणी आपली पगडी वाहिल्याची आख्यायिका सांगितली जाते. मेण लावून कापड रंगविणाऱ्या छिप्यांची ही वस्ती, आणि उज्जैनचे मध्यवर्ती कारागृहही भैरवगढातच. स्मशानाची भीती, गुन्ह्याची शिक्षा आणि गोष्टींची हौस अशी एकाच परिसरात नांदत असताना लोकमानसाने विक्रम आणि वेताळाची रात्र उज्जैनीच्या नदीकाठी कल्पिली, यात नवल वाटत नाही.

या कथेची आज आठवण होण्यास कारण आहे. रहस्यकथा, भयकथा आणि किशोरवाङ्मय या तिन्ही प्रकारांना मराठी समीक्षेने बराच काळ ओसरीवर बसविले, माजघरात घेतले नाही. हे चित्र आता पालटते आहे. भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ या कादंबरीला २०२४चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. उदगीरच्या ९५व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष मुलांसाठी भूतबंगल्याची गोष्ट लिहितो आणि तिचा सन्मान होतो, ही घटना साधी नाही. तत्पूर्वी २०१८ मध्ये गूढकथाकार म्हणून परिचित असलेल्या रत्नाकर मतकरींना बालसाहित्यातील एकूण योगदानासाठी हाच पुरस्कार लाभला होता. म्हणूनच हे तीन प्रकार परस्परांपासून खरोखर किती दूर आहेत, हे तपासून पाहावेसे वाटते.

वेताळाच्या पंचवीस कथांचे एक प्रसिद्ध संस्कृत रूप अकराव्या शतकातील काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त आहे. मराठी वाचकाला सुखद धक्का देणारी गोष्ट अशी, की तेथील राजा त्रिविक्रमसेन हा गोदाकाठच्या प्रतिष्ठान नगरीचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे. पुढे ही कथा उज्जैनीच्या विक्रमादित्याच्या नावावर रूढ झाली. मराठीत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८३०च्या सुमारास ‘वेताळपंचविशी’ आणली. नंतर ‘चांदोबा’ मासिकाने याच चौकटीत कित्येक नव्या गोष्टी बसविल्या आणि १९८५ मध्ये दूरदर्शनच्या मालिकेने वेताळ घरोघरी पोहोचविला.

या ग्रंथाची बाहेरची चौकट नीट पाहिली, तर ती निखळ गुन्हेकथा आहे. एक भिक्षू दहा वर्षे रोज राजाला एक फळ देतो. राजा ते कोषाध्यक्षाकडे सोपवितो. एके दिवशी माकडाच्या हातून फळ फुटते आणि आतून रत्न निघते. कोठारात पाहावे तर सडलेल्या फळांमध्ये रत्नांची रास! एवढ्या मोठ्या भेटीचा मोबदला म्हणून भिक्षू राजाला स्मशानात बोलावतो आणि झाडाला लटकलेले प्रेत आणावयास सांगतो. त्याच्या मनात राजाचाच बळी द्यावयाचा आहे. आमिष, सुगावा, पूर्वनियोजित खून, आणि अखेरच्या क्षणी कट उघड करणारा साक्षीदार. आधुनिक रहस्यकथेची सारी सामग्री येथे हजर आहे. फरक इतकाच, की साक्षीदार प्रेतात वसलेला आहे.

आतल्या कथांपैकी हरिस्वामीची कथा तर आजच्या प्रत्येक गुन्हेकथालेखकाने वाचावी अशी आहे. भुकेने व्याकुळ झालेल्या हरिस्वामीला एक गृहिणी खिरीचे पात्र देते. तो ते वडाखाली ठेवतो. वर फांदीवर बसलेल्या पक्ष्याच्या पंजात साप आहे. मरणाऱ्या सापाच्या तोंडातील विष खिरीत ठिबकते. ती खाऊन तो मरतो आणि मरता मरता त्या बाईवर विषप्रयोगाचा आरोप करतो. तिचा नवरा शहानिशा न करता तिला घराबाहेर काढतो. वेताळ विचारतो, हत्येचे पाप कोणाचे? राजा म्हणतो, साप परवश होता, पक्षी आपले भक्ष्य खात होता, अन्न देणारे निरपराध होते. विचार न करता यांपैकी एखाद्याला जो दोषी म्हणेल, पाप त्याच्याच माथी.

गुन्हेकथेचा खरा कस या उत्तरात आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून सामान्य मराठी माणसाला वाचनाची गोडी लावली. त्यांच्या जगात खलनायक पहिल्या भेटीतच ओळखू येई, आणि त्या काळच्या वाचकाची तेवढीच अपेक्षा होती. आजचा वाचक मात्र सकाळी भ्रमणध्वनीवर खुनाची बातमी वाचतो आणि न्याहारी होण्यापूर्वी आरोपी ठरवून मोकळा होतो. अशा काळात रहस्यकथेचे काम वाढले आहे. रक्ताचे वर्णन करून थरार उत्पन्न करणाऱ्या, घडलेल्या गुन्ह्यांवर घाईने बेतलेल्या कथा मला म्हणूनच उण्या वाटतात. त्या संशयाला खतपाणी घालतात, परीक्षा करावयास शिकवीत नाहीत. चांगली रहस्यकथा वाचकाला आधी चुकीच्या माणसावर बोट ठेवू देते आणि मग ते बोट मागे घ्यावयास लावते. घराबाहेर काढलेल्या त्या गृहिणीची आठवण ठेवणारी गुन्हेकथा मला श्रेष्ठ वाटते.

भयकथेची गोष्ट थोडी निराळी. गोमंतकीयांना वेताळ केवळ पुस्तकातून भेटलेला नाही. आमोणे, पैंगीण, लोलये येथे तो देव आहे. रात्री गावाची राखण करीत हिंडताना त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वहाणा अर्पण करण्याची प्रथा आहे. म्हणजे आपल्या परंपरेत भयाला मर्यादा आहे, त्याच्याशी नाते आहे, त्याला कर्तव्यही आहे. नारायण धारप, मतकरी आणि अलीकडे ‘अंधारवारी’, ‘दैत्यालय’ लिहिणारे हृषीकेश गुप्ते यांची भयकथा मनात रेंगाळते, ती तिच्या परिचित घरांमुळे आणि माणसांमुळे. ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटामागेही धारपांच्या कथेची प्रेरणा होती.

तथापि एक धोका ध्यानात ठेवावयास हवा. जेथे म्हातारी विधवा म्हणजे चेटकीण आणि परजातीचा मांत्रिक म्हणजे अघोरी, अशी सोपी समीकरणे येतात, तेथे कथा करमणुकीची हद्द ओलांडते. महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, कारण असा संशय खऱ्याखुऱ्या माणसांच्या जिवावर उठत होता. भूत खोटे आहे, हे कथेने सांगावे असा आग्रह नाही. पण भीतीपोटी माणसे काय करून बसतात, हे तिने दाखवावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

किशोरवयीन वाचकांविषयी आपण उगीच धास्तावतो. भय आणि गुन्हा यांपासून मुलांना दूर ठेवले की ती निर्मळ राहतील, हा समज भाबडा आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे संकटात उडी घेतो म्हणूनच मुलांना आपला वाटला. अशोक जैन यांनी मराठीत आणलेला सत्यजित राय यांचा फेलुदा मुलांच्या बुद्धीवर विश्वास ठेवतो. आपल्या मुलांच्या हाती आज इंग्रजी जादूनगरीची जाडजूड पुस्तके दिसतात. त्याविषयी तक्रार कशाला? मात्र पैंगीणच्या वेताळाची, मांडवीच्या फेरीबोटीवर सुरू होणाऱ्या रहस्याची मराठी कादंबरी त्याच मुलांनी मागितली, तर आपल्याला किती पुस्तके दाखविता येतील, हा विचार लेखक-प्रकाशकांनी अवश्य करावा. अशा पुस्तकांच्या शेवटी बोधाचा परिच्छेद नसावा. वेताळ बोध करीत नाही, प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील, एवढाच त्याचा दंडक. मुलांना असा प्रश्नकर्ता हवा असतो.

आणि एक शेवटची गोष्ट. चोविसाव्या प्रश्नाचे उत्तर राजाला येत नाही. तो काहीतरी ठोकून देत नाही, प्रेत खांद्यावर घेऊन मुकाट्याने चालत राहतो. नेमक्या याच क्षणी वेताळ प्रसन्न होतो आणि भिक्षूच्या कटाचा भेद करतो. ठाऊक असताना बोलणे आणि ठाऊक नसताना गप्प राहणे, ही दोन्ही पथ्ये पाळल्यामुळे राजाचा जीव वाचतो. नवे रहस्यपुस्तक हाती घेताना मी एवढेच पाहतो, की ते मला यांपैकी एखादे पथ्य शिकविते का. शिकवीत असेल, तर ते पुस्तक ओसरीवर नव्हे, माजघरातल्या फडताळात ठेवावे.