नारायण झाला ‘नाराएन’!
पनवेल, प्रतिनिधी

विष्णुमंदिराच्या दाराशी जय-विजय उभे असतात, हे आपण जाणतो. बौद्ध लेण्यांतही द्वारपालांची परंपरा प्राचीन आहे. कन्नडजवळील पितळखोरे लेण्यांच्या प्रवेशद्वारी असे दोन रक्षक सुमारे दोन हजार वर्षे पहारा देत आहेत. बौद्ध धर्माबरोबर ही कल्पना चीन आणि जपानमध्ये पोचली. मात्र तेथील नावे ऐकताना तिचे भारतीय मूळ सहसा ध्यानात येत नाही.

या रक्षकांचे मूळ वज्रपाणीत आहे. चिनी भाषांतरकारांनी ‘वज्र’ शब्दाचा उच्चार न घेता अर्थ घेतला आणि ‘जिनगांग’, म्हणजे अतिकठीण धातू, असा शब्द योजला. त्याला ‘लीशी’ (मल्ल) जोडून ‘जिनगांग लीशी’ हे नाव झाले. हीच अक्षरे जपानी लोक ‘कोंगो रिकिशी’ अशी वाचतात. सुमो पैलवानांनाही तेथे ‘रिकिशी’ म्हणतात.

जपानमध्ये या जोडीचे रूढ नाव ‘निओ’ असे आहे. नारा येथील तोदाइजी मंदिराच्या महाद्वारातील आठ मीटरहून उंच काष्ठमूर्ती १२०३ मध्ये घडविल्या गेल्या. एकाचे मुख उघडे, दुसऱ्याचे मिटलेले. हे ‘अ’ आणि ‘हूं’ असे संस्कृत वर्णमालेचे आदि-अंत उच्चार मानले जातात. परस्परांचे मन न बोलता जाणणाऱ्या दोघांच्या मेळालाही जपानी भाषेत ‘अ-उन’ म्हणतात.

जोडीतील एकाचे नाव मात्र उच्चारासह टिकले : ‘नाराएन कोंगो’. हा नाराएन म्हणजे आपला नारायणच!