जागेच्या कागदाचा विमा असतो का?

सरावलीच्या बचत गटांच्या बैठकीत आम्हाला हल्ली एक प्रश्न नेहमी येतो. "ताई, गाडीचा विमा असतो, पिकाचा असतो. तसा जागेच्या कागदाचा असतो का?" तारापूर एमआयडीसीच्या आजूबाजूला खोली, फ्लॅट, गुंठा घेताना घरातलं सोनं आणि गटाचं कर्ज दोन्ही लागतं. म्हणून आज त्यावर बोलू.

आधी एक गोष्ट पक्की करू. सातबारा हा महसुली कागद आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नाही. खरेदीखताची नोंदणी झाली, तरी विकणारा खरा मालक आहे अशी हमी सरकार देत नाही. म्हणूनच खोटा वारस उभा करणं, मेलेल्या माणसाचं मुखत्यारपत्र दाखवणं, एकच प्लॉट दोघांना विकणं असे प्रकार होतात. मग खरा मालक कोर्टात गेला की पैसे मोजलेली बाई अडकते.

यासाठी मालकी हक्काचा विमा असतो. त्याला टायटल इन्शुरन्स म्हणतात. अमेरिकेत तो फिलाडेल्फिया शहरात १८७६ साली सुरू झाला. बाकीचे विमे पुढच्या संकटासाठी असतात, हा मागच्या दोषासाठी असतो. खरेदीआधीचा लपलेला दोष नंतर उघड झाला, तर कोर्टाचा खर्च आणि नुकसान कंपनी ठरल्या रकमेपर्यंत भरते. पण आधीच माहीत असलेला दोष त्यात बसत नाही.

आपल्याकडे २०१६ च्या रेरा कायद्यात कलम १६ आहे. राज्य सरकारने अधिसूचना काढली, तर बिल्डरने जमिनीच्या मालकीचा विमा काढायचा आणि हप्ताही त्यानेच भरायचा. विम्याचा फायदा फ्लॅट घेणाऱ्याला मिळतो. म्हणून बुकिंगच्या वेळी "मालकीचा विमा काढलाय का?" असं विचाराच. विमा नसला तरी कलम १८ लक्षात ठेवा. जमिनीच्या मालकीत दोष निघाला, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते आणि त्या दाव्याला मुदतीची अडचण येत नाही.

गुंठा किंवा चाळीतली खोली घेणारीला मात्र असा विमा सहज मिळत नाही. तिथे आपली खबरदारी हाच आपला विमा.

पैसे देण्याआधी सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढा. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या. सातबाऱ्यावरचं प्रत्येक नाव वाचा, बहिणींची नावं गळली आहेत का ते बघा. जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला ती घेता येत नाही. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर सही झाली म्हणून तो व्यवहार कायदेशीर होत नाही.

स्वतःची जमीन असेल, तर दर दोन-तीन महिन्यांनी महाभूमीच्या संकेतस्थळावर सातबारा बघा. आपल्या नावावर नवी फेरफार नोंद पडलेली दिसली, तर नोटिशीच्या पंधरा दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नोंद मंजूर झालीच, तर साठ दिवसांत प्रांताकडे अपील करता येतं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरचा सातबारा घेऊन या. हप्त्याची वही झाली, की आपण सगळ्या मिळून तो वाचू.