घरपट्टी वाढली? मोर्चाआधी हरकत अर्ज द्या

रविवारी वंदना झाली की विहारात सध्या एकच विषय निघतो. कोणी पर्समधून, कोणी शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढतो आणि विचारतो, "दादा, हे काय आलंय बघा जरा." कागद नगरपरिषदेचा असतो. घराची फेरआकारणी झाली आहे आणि घरपट्टी वाढणार आहे, अशी नोटीस.

मागच्या फेरआकारणीत आमची चूक झाली, हे आधी कबूल करतो. आम्ही वस्तीत सह्या गोळा केल्या, मोर्चा नेला, निवेदन दिले आणि पोच घेऊन घरी आलो. हरकतींची मुदत त्याच आठवड्यात संपली. ज्यांनी आपल्या घराचा वेगळा अर्ज दिला होता, त्यांनाच सुनावणीला बोलावले गेले. बाकीच्यांचे आकडे तसेच कायम झाले. तसे पुन्हा होऊ नये म्हणून हा लेख.

नोटीस का येते?

महाराष्ट्रात नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना १९६५ चा अधिनियम लागू आहे. त्यानुसार दर चार वर्षांनी मालमत्तांची आकारणी नव्याने होते. कार्यालयात तिला 'चतुर्थ वार्षिक आकारणी' म्हणतात. घरांची मोजणी होते, यादी तयार होते आणि ती लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवली जाते. त्यानंतर हरकती, सुनावणी आणि मग अंतिम यादी, असा क्रम असतो. महानगरपालिकांचा कायदा वेगळा आहे, पण करयोग्य मूल्य वाढवताना मालकाला नोटीस देणे आणि त्याची तक्रार ऐकणे तिथेही बंधनकारक आहे.

आकडा कसा तयार होतो?

बहुतेक ठिकाणी घराला वर्षाला किती भाडे मिळू शकेल, याचा अंदाज धरला जातो. त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा केले की उरते ते करयोग्य मूल्य. त्यावर टक्क्यांनी कर बसतो. (मुंबईत मात्र भांडवली मूल्याची पद्धत आहे. तिथे ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. ही माफी इतर शहरांना आपोआप लागू होत नाही.)

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. घर ४० चौरस मीटर आणि महिन्याचा दर चौरस मीटरला २५ रुपये. वर्षाचे भाडे १२,००० रुपये. १० टक्के वजा जाता १०,८००. त्यावर २५ टक्के कर धरला तर २,७०० रुपये. आता मोजणाऱ्याने पुढचे अंगण घरात धरून ५६ चौरस मीटर लिहिले, तर तोच कर ३,७८० रुपये होतो. एका चुकीच्या मापाने वर्षाला १,०८० रुपये जास्त. चार वर्षांत ४,३२०.

भांडण दोन आहेत

शहरात कराची टक्केवारी किती असावी, हे राजकीय भांडण आहे. त्यासाठी मोर्चा, निवेदन, नगरसेवकाला जाब विचारणे हे सगळे करायलाच हवे. पण माझ्या घराचे माप चुकले, हे दुसरे भांडण आहे. ते अर्जावर आणि पुराव्यावर जिंकले जाते. आम्ही या दोन्हींची गल्लत केली होती.

नोटीस हातात आली की एवढे तपासा:

- क्षेत्रफळ: स्वतः टेप लावून मोजा.
- बांधकामाचा प्रकार: पत्र्याचे घर आरसीसी म्हणून लिहिले आहे का?
- बांधकामाचे वर्ष: जुने घर नवे दाखवले आहे का?
- वापर: घरात एक शिलाई मशीन आहे म्हणून पूर्ण घर बिगरघरगुती धरले आहे का?
- भोगवटा: मालक स्वतः राहत असताना भाडेकरू दाखवला आहे का?
- नाव: वारलेल्या आजोबांचेच नाव चालू असेल तर वारस नोंदीचा अर्ज वेगळा द्या.

हरकत आणि अपील

हरकत लेखी द्या. एका घराचा एक अर्ज. मालमत्ता क्रमांक, नेमकी चूक आणि बरोबर माहिती लिहा. "कर फार आहे, कमी करावा" एवढ्यावर काही होत नाही. सोबत घराचे फोटो, जुनी घरपट्टीची पावती, वीजबिल जोडा. आवक क्रमांक टाकलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शेवटची तारीख नोटिशीवर असते, ती आधी वाचा. मोजणीचा तपशील दाखवत नसतील तर माहिती अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना तेही नाहीत. पण माहिती येईपर्यंत हरकत थांबवू नका.

सुनावणीत न्याय मिळाला नाही तर अपील आहे. नगरपरिषदेत मालमत्ता कर अपील समितीकडे, महानगरपालिकेत न्यायाधीशांसमोर. अपिलाच्या मुदती फार कमी असतात. महानगरपालिकेच्या बाबतीत त्या १५ दिवसांच्या आहेत. बिलाची रक्कम आधी भरावी लागते, हेही लक्षात ठेवा. रागाने बिल न भरता बसलात तर दरमहा २ टक्के शास्ती चढते.

विहारांचे काय?

केवळ सार्वजनिक उपासनेसाठी किंवा धर्मादाय कामासाठी वापरात असलेल्या इमारतीला कायद्यात सूट आहे. ती विहारालाही मिळू शकते. पण पुढचा गाळा भाड्याने दिला असेल तर त्या भागाला नाही. नोटीस विहाराच्या नावाने आली असेल तर समितीने सूट मागणारा अर्ज मुदतीतच द्यावा.

एक गैरसमजही दूर करू. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नाही, आणि कर भरल्याने विनापरवाना बांधकाम अधिकृत होत नाही. तरीही पावत्या जपून ठेवा. आपण इथे किती वर्षांपासून राहतो, हे दाखवायला त्या उपयोगी पडतात.

तरुणांना आमचे सांगणे एवढेच. सरकारी पैसा कुठून येतो आणि कोण ठरवतो, या विषयावर बाबासाहेबांनी प्रबंध लिहिला. तो १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याला निदान आपल्या गल्लीची आकारणी यादी वाचता आली पाहिजे. येत्या रविवारी विहारात एक टेबल मांडा. एकाने टेप धरावी, एकाने अर्ज लिहावा, एकाने पोच आणावी. ज्या आजीला नोटीस वाचता येत नाही, तिच्या घरापासून सुरुवात करा.

जय भीम.