सप्लाय चेन शिकायची म्हणजे काय शिकायचं?

गेल्या काही महिन्यांत गटांच्या मासिक बैठकांना गेलं की एक प्रश्न आम्हाला दोन-तीन गावांत विचारला गेला. मुलगी बी.कॉम. झाली, आता एमबीए करायचं म्हणते, आणि त्यातही ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ घेणार म्हणते. घरचे म्हणतात, म्हणजे काय गोदामात पोती मोजायची? ट्रक लावून द्यायचे? हे काय पोरीचं काम आहे? आणि गटातून कर्ज उचलून फी भरायची, तर निदान कशाची फी भरतोय ते तरी कळू द्या. प्रश्न रास्त आहे. म्हणून आज त्यावरच बोलू.

सप्लाय चेन म्हणजे पुरवठ्याची साखळी. आपल्या उडदाच्या पापडाचंच बघा. शेतकऱ्याचा उडीद अडतीवर जातो, तिथून डाळमिलमध्ये, तिथून किराणा दुकानात, मग आपल्या घरी. आपण पापड लाटतो, वाळवतो, पाकिटं भरतो. पाकीट तालुक्याच्या दुकानात जातं आणि शेवटी कुणाच्या तरी ताटात. माल असा पुढे पुढे सरकतो. पैसा उलट्या दिशेनं मागे येतो. तिसरी गोष्ट म्हणजे माहिती: काय खपलं, किती उरलं, पुढच्या आठवड्याला किती लागेल. मालाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पैशाकडे तर असतंच, पण माहितीकडे कुणी बघत नाही. एमबीएच्या वर्गात सगळ्यात जास्त डोकं लावतात ते या तिसऱ्या गोष्टीवर.

हे इंग्रजी नाव तसं अलीकडचं, १९८२ साली कीथ ऑलिव्हर नावाच्या एका सल्लागारानं ते वापरात आणलं. काम मात्र जुनं आहे. मुंबईचे डबेवाले १८९० पासून तेच करतात, आणि अमेरिकेतल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये त्यांच्यावर धडा तयार झालेला आहे. लिज्जत पापड १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केला. तिथे पीठ एका जागी मळतात, बहिणी ते घरी नेऊन लाटतात आणि दुसऱ्या दिवशी पापड जमा करून मजुरी घेतात. पीठ एका जागी का, तर चव सगळीकडे एकसारखी राहावी. लाटणं घरोघरी का, तर बाईला घर सोडावं लागू नये. असा विचार करून केलेली रचना म्हणजेच सप्लाय चेन.

या विषयाच्या वर्गात मुलांकडून एक खेळ खेळून घेतात. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत तो तयार झाला. मूळ खेळ बीअरच्या खोक्यांचा आहे, आपण पापडाचा धरू. चार जणी बसतात. एक दुकानदार, दुसरी ठोक व्यापारी, तिसरी जिल्ह्याची वितरक आणि चौथी पापड बनवणारी. अट एवढीच की एकमेकींशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी पुढे सरकवायची. आणि मागितलेला माल लगेच येत नाही, दोनेक आठवडे लागतात.

दुकानात दर आठवड्याला ४ पाकिटं खपतात. एका आठवड्यात गिऱ्हाईक ८ मागतं. दुकानदारीण घाबरते, माल संपेल म्हणून १२ मागवते. ठोक व्यापारी म्हणते, मागणी तिप्पट झाली की! ती २० मागवते. वितरक ३० मागवते. बनवणारी रात्रीचा दिवस करते, डाळ उधारीवर आणते आणि ४० लाटते. तोवर उशिरा निघालेला माल सगळीकडे एकदम येऊन पडतो, आणि ऑर्डरी थांबतात. आठवडेच्या आठवडे एकही चिठ्ठी येत नाही. बनवणारीच्या घरात पापडाच्या थप्प्या लागतात. गिऱ्हाईक मात्र शेवटपर्यंत शांतपणे ८ च पाकिटं नेत असतं!

याला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ आसुडाचा फटका. बैल हाकणाऱ्याची मूठ जराशी हलते, पण आसुडाचं टोक कुठल्या कुठे जातं. प्रॉक्टर अँड गॅम्बल या मोठ्या कंपनीला हा फटका बाळांच्या डायपरमध्ये दिसला. बाळं काही एका महिन्यात कमी आणि दुसऱ्या महिन्यात दुप्पट शू करत नाहीत, तरी कंपनीकडे येणाऱ्या ऑर्डरी वरखाली होत होत्या.

आता मैत्रिणींनो, या साखळीत आपण कुठे आहोत? टोकाला. दिवाळीआधी दुकानदार म्हणतो, ताई, पाहिजे तेवढा माल द्या. आपण देतो. दिवाळीनंतर तोच म्हणतो, परत न्या. फटका बसतो तो आपल्याला, आणि त्यात आपलं भांडवल अडकतं. धरा, २०,००० रुपयांचा माल तीन महिने पडून राहिला. गटाचं अंतर्गत कर्ज महिना २ टक्क्यांनी असेल, तर १,२०० रुपये नुसत्या व्याजाचे गेले. पापड मोडला नाही, मसाल्याला जाळी लागली नाही, तरी गेले.

यावर वर्गात जो उपाय शिकवतात तो अगदी साधा आहे. ऑर्डर विचारू नका, खप विचारा. “भाऊ, किती पाहिजेत?” याच्याऐवजी “गेल्या आठवड्यात किती विकली गेली आणि फळीवर किती उरली?” असं विचारायचं. दर आठवड्याला, त्याच दिवशी, आणि वहीत लिहायचं. काही दुकानदार कुरकुरतात, पण फळीवरची पाकिटं आपण स्वतः मोजायला कोण अडवतं?

दुसरी गोष्ट, कच्चा माल कधी मागवायचा. आपल्याकडे डबा खडखडला की आठवण होते. वर्गात त्याचं गणित करतात. रोज ४ किलो डाळ लागते आणि फोन केल्यापासून माल यायला ५ दिवस लागतात, म्हणजे २० किलो तर हातात हवीच. कधी गाडी दोन दिवस उशिरा येते, म्हणून आणखी ८ किलो. डाळ २८ किलोवर आली की फोन करायचा, मग सण असो की लग्न. आम्हाला वाटतं, हा आकडा चुन्यानं कोठीच्या दारावर लिहून ठेवायला हरकत नाही.

मग एमबीए कशाला, असं कुणी विचारेल. कारण आपली साखळी पाच-सात कड्यांची आहे. चाकणच्या गाडीच्या कारखान्यात हजारो सुटे भाग वेगवेगळ्या पुरवठादारांकडून येतात, त्यातला एक आला नाही तरी काम अडतं. भिवंडीची गोदामं, न्हावा शेवाचं बंदर, औषधांच्या कंपन्या, सगळीकडे खरेदी, साठा आणि वाहतूक यांचं नियोजन करणारी माणसं लागतात. ते काम बरंचसं संगणकावर, आकड्यांवर चालतं. पोती उचलायची नसतात. पण खरं तेही सांगायला हवं: सुरुवातीला गोदामात उभं राहावं लागतं, काही ठिकाणी रात्रपाळी असते, आणि नोकऱ्या शहरांच्या आसपास आहेत. गणिताचा कंटाळा असलेल्या मुलीनं नुसतं नाव नवं आहे म्हणून हा विषय घेऊ नये.

एमबीए दोन वर्षांचं. कोणत्याही शाखेची पदवी चालते, ५० टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गाला ४५. राज्याची सीईटी द्यावी लागते. पहिल्या वर्षी हिशेब, बाजार, माणसांचं व्यवस्थापन असं सगळंच शिकवतात, खास विषय नंतर येतो. काही विद्यापीठांत त्याचं नाव ‘ऑपरेशन्स अँड सप्लाय चेन’ असं असतं. मधल्या सुट्टीत कंपनीत जाऊन प्रत्यक्ष काम करायचं असतं. कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत पाहू नका, गेल्या वर्षीच्या मुली त्या कामाला कुठे गेल्या होत्या ते विचारा.

आणि कर्जाचा अर्ज करण्याआधी हे ऐका. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकारनं पूर्ण माफ केलं आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती वेगळी आहे. मात्र माफी मिळायला प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतूनच व्हायला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला किंवा खासगी अभिमत विद्यापीठाला ती लागू नाही. “आत्ता पैसे भरा, सीट पक्की” असं सांगणारा कुणी भेटला तर आधी हे विचारा, की ही जागा केंद्रीय फेरीतली आहे का. उत्पन्नाचा दाखला, आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणी, ही कागदं सीईटीचा फॉर्म भरतानाच कामाला लावा. पडताळणीला वेळ लागतो.